मलाक्का: 'फ्लोर द ला मार'च्या पोटात बाबांबरोबर एक दुपार

खाडीपार

बाबा गेल्या महिन्यात आमच्याकडे सिंगापूरला आले होते. वय ७८, मूळ देवगडचे. आजोबांचं शिडाचं गलबत होतं. मंगळुरी कौलं भरून मुंबईपर्यंत जायचं. बाबा शाळेच्या सुट्टीत दोन-तीनदा त्यावर गेले होते. त्यामुळे इथल्या उंच इमारती दाखवून त्यांना फार काही वाटेना. "बंदर दाखव," म्हणाले. मग शनिवारी पहाटेची बस धरून मलाक्काला गेलो. सीमेवरची रांग धरून चारेक तास लागतात.

मलाक्का नदीच्या काठी समुद्र संग्रहालय आहे आणि ते संग्रहालय म्हणजेच एक जहाज आहे. 'फ्लोर द ला मार', म्हणजे समुद्राचं फूल, या पोर्तुगीज जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती. ३६ मीटर लांब, ८ मीटर रुंद, डोलकाठीसकट ३४ मीटर उंच. १९९४ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पाण्यात नाही, जमिनीवर उभी आहे, पण वळण घेऊन समोर आलो की ती मागची उंच माडी बघून क्षणभर श्वास अडकतो. चपला काढून पिशवीत घालून हातात धरायच्या आणि अनवाणी आत जायचं. बाबांना हे फार पटलं. आजोबाही गलबतावर कुणाला वहाणा घालू देत नसत.

आत गेल्यावर बाबांनी आधी माहितीचे फलक वाचलेच नाहीत. फळ्यांवरून हात फिरवला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "हे पाणी कुठून उपसत होते?" मला कळेना. मग ते म्हणाले, लाकडाचं जहाज म्हणजे कुठून ना कुठून पाणी येणारच. फटी कितीही बुजवल्या तरी लाकूड वाऱ्यालाटेत कुरकुरतं, सांधे हलतात. गलबतावर पाणी उपसायला पोरं ठेवलेली असत, आणि माल जास्त भरला की सगळ्यात आधी त्या पोरांना कळायचं.

घरी येऊन वाचलं तेव्हा लक्षात आलं की या जहाजाची अख्खी कहाणी त्यांच्या प्रश्नातच होती. १५०२ मध्ये लिस्बनला बांधलेलं, ४०० टनांचं, त्या काळातल्या मोठ्यांत मोठ्या जहाजांपैकी एक. पहिल्याच खेपेत मसाले भरून परत जाताना आफ्रिकेच्या मोझांबिक खाडीत त्याला गळती लागली, दुरुस्तीला थांबावं लागलं. दुसऱ्या खेपेत पुन्हा तेच, आणि या वेळी महिनोन्‌महिने अडकून पडलं. मिरीनं काठोकाठ भरलेलं एवढं मोठं धूड त्या उथळ, वाळूच्या बांधांच्या आणि उलटसुलट प्रवाहांच्या पाण्यात सांभाळणं कठीणच होतं. शेवटी दुसऱ्या ताफ्यानं येऊन त्याला सावरलं आणि आपल्याबरोबर परत पूर्वेकडे आणलं. त्यानंतर ते पोर्तुगालला कधीच पोचलं नाही. १५०७ मध्ये होर्मुझ, १५०९ मध्ये दीव, १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, अशा प्रत्येक लढाईत ते होतं. भारताच्या वाटेवरची बरीच पोर्तुगीज जहाजं तीन-चार वर्षांत निकामी व्हायची. हे नऊ वर्षं टिकलं.

ऑगस्ट १५११ मध्ये पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्कनं मलाक्का घेतलं. सुलतान महमूद शाहच्या राजवाड्यातली लूट याच जुन्या, गळक्या जहाजात भरली आणि नोव्हेंबरात तो परत निघाला. सुमात्राच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज आपटलं आणि फुटलं. अल्बुकर्क कसाबसा तराफ्यावरून वाचला. बरीच माणसं आणि सोनं तळाशी गेलं. जहाजाचे अवशेष अजून खात्रीनं कुणाला सापडलेले नाहीत, म्हणून त्याच्या खजिन्याबद्दल भरमसाट आकडे वाचायला मिळतात. ते आकडे मी इथे देत नाही, कारण त्यांना आधार नाही.

मला ज्याची हळहळ वाटते ते सोनं नाही. अल्बुकर्कनं एप्रिल १५१२ मध्ये पोर्तुगालच्या राजा मानुएलला पत्र लिहिलं. त्यात तो एका जावानी नाविकाच्या मोठ्या नकाशाबद्दल सांगतो. त्यावर केप ऑफ गुड होप होतं, पोर्तुगाल होतं, ब्राझील होतं, तांबडा समुद्र, इराणचं आखात, लवंगांची बेटं, चिनी जहाजांचे मार्ग, आणि नावं सगळी जावानी लिपीत. मी पाहिलेली ही सर्वांत उत्तम गोष्ट, असं तो लिहितो. तो नकाशा याच जहाजाबरोबर बुडाला. फ्रान्सिस्को रॉड्रिगेश या पोर्तुगीज नाविकानं त्याचा एक तुकडा आधी उतरवून घेतला होता, तेवढाच राजाला पाठवता आला.

जहाजाच्या पोटात उभी असताना मला एवढंच दिसत होतं: ज्या काळाला आपण शाळेत 'शोधांचं युग' म्हणून शिकलो, त्या काळात शोध लावणाऱ्यांच्या हातात इथल्याच माणसानं काढलेला नकाशा होता.

आणि बाबांचा आनंद वेगळाच. वरच्या मजल्यावर मलय भाषेतल्या पाट्या वाचता वाचता ते एकदम थांबले. 'नाखोदा'. म्हणाले, "अगं, हा तर आपला नाखवा!" पुढे 'केलासी', म्हणजे खलाशी. 'बांदार', म्हणजे बंदर. ऋतूला 'मुसिम', आपला मोसम. अरबी-फारसी शब्द वाऱ्याबरोबर दोन्ही किनाऱ्यांना लागले आणि दोन्हीकडे राहिले. परतीच्या बसमध्ये ते तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते.

कुणी अशी जुन्या जहाजांची संग्रहालयं पाहिली असतील तर जरूर लिहा. बाबांना वाचून दाखवायचंय.

---

वाशिष्ठीकाठ

ताई, लेख वाचला आणि बराच वेळ काही लिहावंसं वाटेना. तुम्ही "१५०९ मध्ये दीव" एवढंच लिहिलंय. त्या दीवच्या वाटेवर आमचं दाभोळ आहे.

मार्च १५०८ मध्ये चौलजवळच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. इजिप्तच्या मामलुकांचं आणि दीवच्या मलिक अयाजचं आरमार समोर होतं. मुलाचा सूड घ्यायला अल्मेडा स्वतः ताफा घेऊन निघाला आणि डिसेंबर १५०८ च्या अखेरीस दाभोळला आला. दाभोळचा त्या लढाईशी संबंध नव्हता. विजापूरच्या आदिलशाहीतलं भरभराटीचं बंदर, घोडे आणि कापडाचा व्यापार, एवढाच त्याचा गुन्हा. शहर लुटलं, जाळलं, बाईमाणूस-पोरंबाळं न बघता कत्तल केली. हे पोर्तुगीज इतिहासकारांनी स्वतःच लिहून ठेवलंय. फेब्रुवारीत दीवला पोचला तेव्हा अल्मेडाचं मुख्य जहाज कोणतं होतं? हेच, समुद्राचं फूल.

दाभोळचा इतिहास म्हणून आम्ही पाहुण्यांना अंडा मशीद दाखवतो, चंडिकेचं लेणं दाखवतो. ३० डिसेंबरच्या आसपास काय झालं होतं ते गावातल्या शाळेतही मला कुणी सांगितलं नाही. ते जहाज कुठेतरी उभं करून ठेवलंय आणि लोक त्यात अनवाणी जातात, हे वाचून पोटात कालवलं.

---

खाडीपार

वाशिष्ठीकाठ, मनापासून आभार. मला हे माहीत नव्हतं. बाबांना आत्ता फोन करून सांगितलं, ते गप्प झाले. मग म्हणाले, दाभोळच्या खाडीत आम्ही वाऱ्यासाठी थांबायचो.

---

पुस्तकी किडा

उत्तम धागा. दोन शंका.

१५११ च्या जावानी नकाशावर ब्राझील कसं असेल? पोर्तुगीज स्वतः तिथे १५०० मध्ये पोचले. दहा वर्षांत ती बातमी जावाच्या नाविकापर्यंत? मग तो नकाशा 'इथल्या ज्ञानाचा' की पोर्तुगीज नकाशावरून केलेला?

दुसरं, वास्को द गामाला आफ्रिकेच्या मालिंदीहून कालिकतला इब्न माजिद या अरब नाविकानं आणलं, हेही याच मालिकेतलं उदाहरण आहे ना?

---

शीड आणि सुकाणू

@पुस्तकी किडा, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. इब्न माजिदचं नाव फार पसरलंय, पण आताचे अभ्यासक ते मानत नाहीत. तो तेव्हा म्हातारा होता आणि स्वतःच्या लिखाणात अशा सफरीचा कुठे उल्लेख करत नाही. पोर्तुगीज साधनांत तो नाविक गुजराती असल्याचं येतं. मालिंदीहून एप्रिल १४९८ मध्ये निघाले, मे महिन्यात कालिकतजवळ. एवढ्या थोड्या दिवसांत भर समुद्र ओलांडला, कारण सुकाणूजवळ वारा ओळखणारा माणूस होता. जानेवारीच्या वाऱ्यावर परतायचं असतं हे न ऐकता गामा ऑगस्टअखेरीस कालिकतहून निघाला, तेव्हा त्याच समुद्राला त्याला जवळजवळ तीन महिने लागले आणि रोगानं माणसं मेली. माझ्या मते त्या सफरीचं सगळ्यात बोलकं गणित हेच आहे.

ब्राझीलबद्दल: मला तर ती त्या नकाशाची थोरवीच वाटते. पोर्तुगीज १५०९ मध्ये पहिल्यांदा मलाक्काला आले. दोन वर्षांत तिथल्या नाविकानं त्यांच्याकडून कळलेलं आपल्या नकाशात बसवलं आणि वर आपल्या लिपीत नावं लिहिली. चांगला नाविक हेच करतो, जिथून खबर मिळेल तिथून घेतो. नकाशा 'शुद्ध' असायलाच हवा असं कशाला?

आणि मलाक्का म्हणजे खबरांचंच गाव. तिथे एक नाही, चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी होते. एक फक्त गुजराती व्यापाऱ्यांसाठी, एक बंगाल, ब्रह्मदेशातलं पेगू आणि सुमात्रातलं पासई इकडच्यांसाठी, एक जावा आणि पूर्वेकडच्या बेटांसाठी, एक चीन आणि जपानजवळच्या र्युक्यू बेटांसाठी. भारताकडचा वारा आणि चीनकडचा वारा तिथे भेटतो. एका वाऱ्यानं आलेला माणूस दुसऱ्या वाऱ्याची वाट बघत महिनोन्‌महिने राहणार. मग तो बोलणारच.

---

पुस्तकी किडा

पटलं. गामाच्या परतीचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

---

मांडवीवरून

पणजीहून लिहितोय. दाभोळबद्दल वाचून वाईट वाटलं. आमच्याकडेही १५१० ची तीच गत. अल्बुकर्कनं गोवा दोनदा घेतलं. पहिल्यांदा वसंतात, पण आदिलशाही सैन्यानं मे महिन्यात बाहेर काढलं. तोवर पावसाळा लागला होता. मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, पावसात तिथून शिडाचं जहाज बाहेर काढता येत नाही. त्यामुळे अख्खा ताफा ऑगस्टपर्यंत नदीतच अडकला, उपाशी, उंदीर खाण्याची पाळी. २५ नोव्हेंबरला परत येऊन घेतलं, तो सेंट कॅथरिनचा दिवस. जुन्या गोव्यात तिच्या नावाचं चॅपल आहे ते त्यामुळे. मांडवीच्या पुलावरून जून-जुलैत जाताना मी तो दांडा बघतो. मासेमारीच्या होड्या आजही तेव्हा किनाऱ्यालाच.

खाडीपारताई, मलाक्कात सेंट पॉल टेकडीवर गेला होता का? तिथल्या पडक्या चर्चमध्ये एक रिकामी कबर आहे. फ्रान्सिस झेवियर डिसेंबर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटावर वारले, त्यांचं शरीर १५५३ मध्ये आधी मलाक्काला आणून तिथे पुरलं, आणि मग गोव्याला आणलं. आज जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे. तुमचं जहाज मलाक्काहून ज्या वाटेनं निघालं आणि पोचलं नाही, त्याच वाटेनं. माझी आजी दर वर्षी ३ डिसेंबरला फेस्ताला जायची. तिला मलाक्का म्हणजे सायबाचा, झेवियरचा, अर्ध्या वाटेवरचा मुक्काम एवढंच माहीत होतं.

---

खाडीपार

गेलो होतो, बाबा हळूहळू चढले. कबरीवर जाळी आहे. खाली उतरताना 'आ फामोसा' किल्ल्याचं उरलेलं एकच दार दिसतं. बाकीचा किल्ला इंग्रजांनी १८०७ मध्ये सुरुंग लावून पाडला.

---

कालव्याकाठी

अ‍ॅमस्टरडॅमहून. आमच्या इथल्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीच्या 'अ‍ॅमस्टरडॅम' जहाजाची प्रतिकृती बांधून ठेवलेली असते. १९८५ ते १९९० मध्ये बांधली. ही पाण्यात तरंगते, त्यामुळे आत पाऊल टाकल्यावर जमीन किंचित हलते आणि पोरांना लगेच गंमत वाटते. खालच्या मजल्यावर मला, पाच फूट तीन इंच, मान वाकवून चालावं लागलं. झुले इतके जवळ जवळ की एक माणूस कूस बदलला तर तिघांना कळेल. मूळ जहाज पहिल्याच सफरीत जानेवारी १७४९ मध्ये इंग्लंडच्या हेस्टिंग्जजवळ वाळूत रुतलं. मोठ्या ओहोटीला त्याच्या फासळ्या आजही वर दिसतात. म्हणजे इथेही प्रतिकृती एका बुडालेल्या जहाजाचीच.

संग्रहालयाची इमारत १६५६ ची, डच आरमाराचं कोठार. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डोक्यात सारखी आमच्या आजोळची डच वखार येत होती. आजोळ वेंगुर्ल्याचं. लहानपणी त्या पडक्या भिंतींमध्ये लपाछपी खेळायचो, कुणाची वखार, कशाला, काही विचारलं नाही. डचांनी सतराव्या शतकात गोव्याची समुद्रातून नाकेबंदी केली तेव्हा वेंगुर्ला त्यांना हाताशी हवं होतं. नाकेबंदी चालू असतानाच, १६४१ मध्ये, त्यांनी मलाक्का पोर्तुगीजांकडून घेतलं. तुमचं मलाक्का आणि माझं वेंगुर्ला एकाच डावातली घरं होती.

---

शीड आणि सुकाणू

स्पेनमधल्या पालोसचा अनुभव लिहितो, थोडक्यात. ला राबिदाच्या मठाखाली एका गोदीत कोलंबसच्या तिन्ही जहाजांच्या प्रतिकृती आहेत, १९९२ च्या पाचशेव्या वर्षासाठी बांधलेल्या. तिन्हींवर चढता येतं. 'सांता मारिया' मोठी, बाकी दोन लहान, आणि लहान जहाजंच घरी परतली. सांता मारिया १४९२ च्या नाताळातच हिस्पॅनिओला बेटाच्या किनाऱ्याला लागून निकामी झाली. 'निन्या'ची शिडं आधी तिकोनी होती, आपल्या गलबतांसारखी तिरक्या परबाणाची (शिड बांधायच्या वाशाची). कॅनरी बेटांवर ती बदलून चौकोनी केली, कारण पुढे पाठचा वारा लांब पल्ल्याचा मिळणार होता.

तिथल्या एका गोष्टीनं मला विचारात टाकलं. या तिन्ही जहाजांचे मूळ आराखडे उरलेले नाहीत. चित्रं, हिशेब, बुडालेली समकालीन जहाजं, यांवरून अंदाज बांधून बनवलीत. 'फ्लोर द ला मार'चंही तसंच. म्हणजे आपण आत शिरतो ते जुन्या जहाजात नाही, आजच्या माणसांनी लावलेल्या अंदाजात. मला त्यात वावगं वाटत नाही, पण दारावर ते ठळक लिहावं.

---

वाशिष्ठीकाठ

पण अंदाजच बांधायचा तर लुटारूच्या जहाजाचा का? लुटलेल्या गावानंच ते उभारावं हे मला अजून झेपत नाही.

---

खाडीपार

मीही दोन दिवस याच प्रश्नाभोवती फिरतेय. मला जे दिसलं ते सांगते. जहाजाच्या आतली मांडणी पोर्तुगीजांपासून सुरू होत नाही. सुलतानांचं मलाक्का, त्यांचं बंदर, त्यांचे व्यापारी, मग पोर्तुगीज, डच, इंग्रज. ज्या पोटात त्यांच्या राजवाड्याची लूट भरली होती, त्याच पोटात त्यांनी आपली गोष्ट भरून ठेवलीय. शाळेची मुलं रांगेनं येत होती आणि सुलतानाच्या काळापाशी जास्त रेंगाळत होती. मला तरी ते लुटारूचं स्मारक वाटलं नाही.

पण तुम्ही म्हणता तेही खरंच. दाभोळचं नाव तिथे मला दिसलं नाही.

---

मांडवीवरून

आपल्याकडच्या अंदाजाबद्दल. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रात तीन डोलकाठ्यांचं जहाज आहे ना, त्यावरून आरमारानं एक जहाज बांधून घेतलं, 'कौंडिण्य'. खिळे नाहीत, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, फटींत काथ्या आणि राळ. काम गोव्यात झालं, केरळच्या कारागिरांच्या हातून, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते आरमारात दाखल झालं. तिथेही आराखडा नव्हताच. भिंतीवरच्या एका चित्रावरून नाळ (पुढचं टोक) किती उंच, सुकाणू कसं, हे सगळं ठरवायचं होतं. काकांना हे नक्की सांगा, त्यांना शिवलेल्या फळ्यांबद्दल प्रश्न असतील.

---

खाडीपार

प्रश्न आलेच! "शिवलेलं जहाज पाणी कमी घेतं की जास्त?" कुणाला माहीत असेल तर लिहा.

---

शीड आणि सुकाणू

काकांना सांगा, शिवण वाकते म्हणून लाट सोसते, वाळूवर घासली तरी लगेच फुटत नाही. पण पाणी येतंच, आणि शिवण वेळोवेळी नवी करावी लागते. उपसणारी पोरं तिथेही लागणार.

---

कोर्लई किनारा

उशिरा आले धाग्यावर. रेवदंड्याजवळच्या कोर्लईची आहे. म्हणजे वर ज्या चौलच्या लढाईचा उल्लेख आलाय, ते आमच्या घराच्या ओट्यावरून दिसणारं पाणी.

आमच्या गावात अजून पोर्तुगीजमधून झालेली बोली बोलतात. आम्ही तिला 'नोव लिंग' म्हणतो, म्हणजे आपली भाषा. १७४० मध्ये किल्ला मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, तरी बोली राहिली. मराठीच्या शेजारात राहून वाक्यांची घडण बरीच मराठीसारखी झालीय. मलाक्कातही पोर्तुगीज वस्ती आहे आणि तिथे 'क्रिस्तांग' बोलतात असं ऐकलंय. ताई, तुम्ही तिथे गेला होता का? कुणी बोलताना ऐकलं का?

---

खाडीपार

गेलो होतो! उजोंग पासिरला, समुद्राच्या अगदी काठावर. संध्याकाळी मासे खायला. वाढणाऱ्या आजींनी बाबांना जास्तीचा रस्सा दिला, बाबांनी हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "मुतु ग्रांदी मेर्सेह." खूप खूप आभार. आभार आम्ही मानायचे तर त्यांनीच मानले. मग बाबांनी त्यांना बालदी, अलमारी असे शब्द म्हणून दाखवले. मलयमध्येही 'बाल्दी' आणि 'अल्मारी'च आहे, पोर्तुगीजांनी दोन्हीकडे ठेवून दिलेले. चर्चला त्या 'ग्रेजा' म्हणतात. मांडवीवरून, तुमची इगर्ज ती हीच ना?

---

मांडवीवरून

तीच. अगदी तीच.

---

कोर्लई किनारा

आमच्या आजीला हे वाचून दाखवलं. "मेर्सेह" ऐकून तिनं पुन्हा म्हणायला लावलं. ती ८४ वर्षांची आहे. तिच्याकडून मी स्वयंपाकघरातले आणि होडीवरचे शब्द लिहून घ्यायला सुरुवात केलीय, मोबाइलवर आवाजही घेतेय. ताई, पुढच्या वेळी मलाक्काला जाल तेव्हा त्या आजींना ऐकवाल का?

---

खाडीपार

नक्की ऐकवीन. बाबा डिसेंबरात परत येणार म्हणतायत. होडीवरचे शब्द आधी पाठवा, ते त्यांना पाठ करायचेत.

---

वाशिष्ठीकाठ

डिसेंबरात जाणार असाल तर माझंही एक काम. त्या जहाजावर अभिप्रायाची वही असेल तर तिच्यात दाभोळचं नाव आणि डिसेंबर १५०८ एवढं लिहाल का? मराठीत लिहिलं तरी चालेल.

---

खाडीपार

लिहीन. बाबांच्या हातून लिहून घेईन, त्यांचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.